'गॅरी विमान उडवायला गेला होता': एका आख्यायिकेची साधनचिकित्सा

१/२४
संगणकातील पहिल्या डिस्कचे नाव 'सी' का असते? 'ए' आणि 'बी' कुठे गेले? शाळेत असताना मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सर म्हणाले, "ती अक्षरे फ्लॉपीसाठी होती." आमच्या वर्गातील कोणीही फ्लॉपी पाहिलेली नव्हती. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी लोक अजून 'फोर्ट'मध्ये उतरतात. वस्तू जाते आणि नाव मागे राहते. आजचा धागा या अक्षरामागच्या माणसाचा आहे, आणि त्या माणसाला झाकून टाकणाऱ्या एका कथेचाही.

२/२४
कथा अशी. १९८० साली आयबीएम या बलाढ्य कंपनीची माणसे आपल्या नव्या संगणकासाठी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, विकत घ्यायला कॅलिफोर्नियातील एका लहान गावी गेली. तिचा कर्ता गॅरी किल्डॉल त्या दिवशी मौजेखातर विमान उडवायला निघून गेला होता. घरी असलेल्या पत्नीने कागदावर सही करण्यास नकार दिला. पाहुणे रागावून परतले आणि बिल गेट्सच्या दारी गेले. पुढे गेट्स जगातील सर्वांत श्रीमंत माणूस झाला. एका विमानफेरीने राज्य गेले!

३/२४
एम.ए.च्या पहिल्या वर्षी 'इतिहासातील योगायोग' या विषयावर बोलताना मी हीच कथा मोठ्या रंगतीने सांगितली. वर्ग हसला. मॅडमनी तीनच प्रश्न विचारले: हे कोणी पाहिले, कोणी लिहिले, आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले? माझ्याजवळ एकाचेही उत्तर नव्हते. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींच्या शेजारी अस्सल पत्रे ठेवून पाहण्याची शिस्त त्यांनी आपल्याला लावली. ती शिस्त मी पानिपतासाठी पाळत होतो. संगणकाच्या इतिहासात मात्र बखरच प्रमाण मानून बसलो होतो. हा धागा म्हणजे त्या तीन प्रश्नांना दिलेले उशिराचे उत्तर.

४/२४
आधी माणूस पाहू. गॅरी किल्डॉलचा जन्म १९४२ चा, सिएटल शहरातला. त्याच्या घराण्याची नौकानयन शिकवणारी शाळा होती आणि तरुणपणी त्यानेही तेथे शिकवले. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून त्याने संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. अमेरिकी नौदलाच्या माँटेरे येथील पदव्युत्तर संस्थेत तो अध्यापक होता. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. खोलीभर यंत्राचे काम नखाएवढ्या तुकड्यात मावते, या गोष्टीने तो झपाटून गेला. इंटेलचा सल्लागार झाला आणि या नव्या चिपांसाठी त्याने पीएल/एम ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली.

५/२४
अडचण साठवणुकीची होती. तेव्हा लहान यंत्रांत प्रोग्रॅम चढवायचा तर भोके पाडलेली कागदी फीत वापरावी लागे. ती मंद आणि फाटकी. शुगार्ट कंपनीचा आठ इंची फ्लॉपीचा एक वापरलेला ड्राइव्ह किल्डॉलच्या हाती आला, पण त्याला चिपशी जोडणारे मंडल काही त्याला जमेना. अखेर जॉन टोरोड या मित्राने ते बांधून दिले. माँटेरेलगतच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावात, १९७४ मध्ये, त्या ड्राइव्हवर किल्डॉलने लिहिलेली कार्यप्रणाली पहिल्यांदा चालली. तिचे नाव सीपी/एम.

६/२४
कार्यप्रणाली म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅमला फक्त 'हा मजकूर अमुक नावाने ठेव' एवढेच म्हणायचे असते. तबकडी कोणत्या वेगाने फिरते, तिचे कोणते वर्तुळ रिकामे आहे, वाचणारे टोक कुठे न्यायचे, हा सारा कारभार मधला कारभारी पाहतो. तो कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. सीपी/एममध्ये ड्राइव्हना ए, बी, सी अशी अक्षरे होती आणि फाइलच्या नावाला आठ अक्षरे, पुढे टिंब देऊन तीन अक्षरे, अशी मर्यादा होती. आपल्या घरातील 'सी'चा वंशवृक्ष इथपर्यंत मागे जातो.

७/२४
किल्डॉलची खरी कामगिरी यापुढची आहे. प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे असल्यामुळे सीपी/एम दर वेळी नव्याने बेतावी लागे. इम्साय या संगणक-कंपनीचे काम आले, तेव्हा त्याने कार्यप्रणालीचे सरळ दोन भाग केले. यंत्रागणिक बदलणारे सारे तपशील एका लहानशा तुकड्यात काढून ठेवले. उरलेला मोठा भाग सर्व यंत्रांवर तसाच चालू लागला. त्या तुकड्याला त्याने नाव दिले 'बायॉस'. हा शब्द त्याचाच. १९७७ मध्ये इम्सायने सीपी/एमच्या परवान्यासाठी २५,००० डॉलर मोजले.

८/२४
या विभागणीचे परिणाम दूरवर पोहोचले. आता एकदा लिहिलेला प्रोग्रॅम अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू शकत होता, म्हणून प्रोग्रॅम लिहून विकणे हा स्वतंत्र धंदा होऊ शकला. इम्सायच्या वतीने तो परवान्याचा सौदा करणारा सेमूर रुबिनस्टाइन पुढे स्वतःची कंपनी काढून बसला. सीपी/एमवर चालणारा 'वर्डस्टार' हा शब्दलेखनाचा प्रोग्रॅम तिचाच. माहितीची नोंद ठेवणारा 'डीबेस २' हाही याच मातीत वाढला. हार्डवेअर एकाचे आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याचे, ही आज आपण गृहीत धरलेली व्यवस्था त्या काळात घडत होती.

९/२४
किल्डॉल आणि त्याची पत्नी डोरोथी मॅकइवेन यांनी मिळून कंपनी काढली होती. नाव मोठे गमतीचे: 'इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च'. पुढे पहिला शब्द गळला. कचेरी पॅसिफिक ग्रोव्हमधील ८०१, लाइटहाउस अव्हेन्यू या जुन्या धाटणीच्या घरात होती. कामाची वाटणी ठरलेली होती: गॅरी प्रोग्रॅम लिही, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांशी करारमदार डोरोथी पाही. ही वाटणी ध्यानात ठेवा. आख्यायिकेत डोरोथी 'घरी असलेली बायको' आहे. वस्तुतः ती कंपनीची भागीदार आणि व्यवहाराची कर्ती होती.

१०/२४
आता १९८०. फ्लोरिडातील बोका रटोन येथे आयबीएमच्या एका लहान तुकडीला साधारण वर्षभरात वैयक्तिक संगणक बाजारात आणायचा होता. एवढ्या वेळात सगळे घरी बनवणे शक्य नव्हते, म्हणून चिप इंटेलची आणि सॉफ्टवेअरही बाहेरचे, असे ठरले. जॅक सॅम्स हा अधिकारी सॉफ्टवेअरसाठी मायक्रोसॉफ्टकडे गेला. तेव्हा मायक्रोसॉफ्ट ही बेसिकसारख्या भाषा विकणारी लहान कंपनी होती. तिच्याकडे सीपी/एमही मिळेल, अशी आयबीएमची समजूत होती. कारण ॲपल संगणकात बसवायचे एक कार्ड ती सीपी/एमसह विकत असे. गेट्सने सांगितले, ते आमचे नाही, किल्डॉलचे आहे. त्याने स्वतः किल्डॉलला फोन लावला.

११/२४
ऑगस्टमध्ये आयबीएमची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला आली. त्या दिवशी सकाळी गॅरी विमानाने गेला होता, एवढे सर्वांना मान्य आहे. पण कशासाठी? सहकारी टॉम रोलँडरसह तो ओकलंडच्या बाजूला बिल गोडबाउट या उद्योजकाला भेटायला गेला होता. गोडबाउट संगणकाचे भाग बनवून विकणारा, कंपनीचा ग्राहक. गॅरी वैमानिक होता आणि कामानिमित्तच्या अशा फेऱ्या स्वतःच्या विमानाने करणे ही त्याची नेहमीची रीत होती. पाहुण्यांशी कराराची बोलणी डोरोथीने करायची, हीही नेहमीचीच रीत. 'मौजेखातर' हा शब्द आख्यायिकेने पदरचा घातला.

१२/२४
आयबीएमने बोलणी सुरू करण्याआधी गोपनीयतेचा करार पुढे ठेवला. तो एकतर्फी होता: आयबीएमकडून ऐकलेले काहीही बाहेर बोलायचे नाही, आपण आयबीएमला सांगितलेले मात्र गुपित मानले जाणार नाही. मायक्रोसॉफ्टने अशा करारावर बिनतक्रार सही केली होती. डिजिटल रिसर्चचे सर्वस्व म्हणजे सीपी/एम. डोरोथीने वकील गेरी डेव्हिस यांचा सल्ला घेतला आणि लगेच सही करण्याचे नाकारले. कंपनीच्या मालमत्तेची जबाबदारी असलेल्या माणसाने दुसरे काय करावे? धोका मोठा होता आणि सावधपणा रास्त होता.

१३/२४
येथून साक्षी फुटतात. सॅम्सच्या म्हणण्याप्रमाणे दिवस करारावर वाद घालण्यात गेला आणि गॅरी आपल्याला भेटलाच नाही. गॅरीच्या म्हणण्याप्रमाणे तो दुपारी परतला, बोलणी पुढे नेली. इतकेच नव्हे, त्या रात्री फ्लोरिडाच्या विमानात आयबीएमची माणसे पुन्हा भेटली आणि तोंडी समझोताही झाला. विमानफेरीतला सोबती रोलँडर गॅरीच्या परतण्याला आणि भेटीला दुजोरा देतो. दोन पक्ष, दोघांचेही हितसंबंध गुंतलेले, आणि वादाचा निकाल लावील असा त्या दिवशीचा कागद पुढे आलेला नाही. सातारा की पुणे, कोणत्या दरबारचा वार्ताहर लिहितो आहे हे आपण जसे आधी पाहतो, तसेच येथे पाहावे लागते.

१४/२४
तिसरा प्रश्न काळाचा. आख्यायिका लोकांच्या घरात पोहोचवण्यात १९९६ च्या 'ट्रायम्फ ऑफ द नर्ड्स' या दूरचित्रवाणी माहितीपटाचा वाटा मोठा. त्यात सॅम्स स्वतः दिसतो. घटना १९८० ची, साक्ष सोळा वर्षांनंतरची. आणि किल्डॉल १९९४ मध्येच वारला होता. त्याने लिहिलेले आत्मकथन मूठभर आप्तमित्रांपुरते राहिले. त्याचा पहिला भाग कुटुंबीयांनी 'कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम'मार्फत खुला केला तो २०१६ मध्ये. म्हणजे वीस वर्षे सामान्य प्रेक्षकाच्या कानी मुख्यतः एकच बाजू पडत होती. मीही त्याच प्रेक्षकांपैकी एक.

१५/२४
आता तो दिवसच बाजूला ठेवू आणि त्याच महिन्यात सिएटलमध्ये काय चालले होते ते पाहू. इंटेलची नवी ८०८६ चिप १९७८ मध्ये आली होती. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीत टिम पॅटरसन या विशीतल्या अभियंत्याने त्या चिपचे यंत्र बांधले. पण त्यावर चालणारी सीपी/एम, म्हणजे सीपी/एम-८६, तयारच होईना. यंत्र आहे, पण ग्राहकाला देण्याजोगी कार्यप्रणाली नाही! कंटाळून एप्रिल १९८० मध्ये पॅटरसनने स्वतःच एक लिहायला घेतली. नाव ठेवले 'क्यूडॉस'. त्याचा अर्थ 'घाईत उरकलेली ओबडधोबड कार्यप्रणाली'. ऑगस्टमध्ये ती ग्राहकांच्या हाती पडू लागली.

१६/२४
तारखांकडे पाहा. पॅटरसनला आयबीएमच्या बेताची गंधवार्ताही नव्हती. तरीही आयबीएमची माणसे पॅसिफिक ग्रोव्हच्या दारात उभी होती, त्याच महिन्यात सीपी/एमला पर्याय विक्रीला आला होता. तो जन्मला कशातून? दोन वर्षे रखडलेल्या सीपी/एम-८६ मधून. त्या दिवशी गॅरी सकाळपासून दाराशी उभा असता, तरीही त्याच्या हाती आयबीएमच्या चिपसाठी तयार माल नव्हता. मला वाटते, या प्रकरणातील निर्णायक गोष्ट विमानफेरी नसून हा उशीर आहे. पण उशिरात नाट्य नसते, आणि बखरीला नाट्य लागते.

१७/२४
पॅटरसनने नेमके काय केले? जुन्या चिपांसाठीचे प्रोग्रॅम ८०८६ वर कसे उतरवावे, याचे नियम इंटेलने प्रसिद्ध केलेले होते. सीपी/एमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम सहज आणता यावेत, म्हणून पॅटरसनने कार्यप्रणालीला हाक मारण्याची पद्धत सीपी/एमच्या छापील पुस्तिकेप्रमाणे ठेवली. मजकूर पडद्यावर छापायचा तर तो डॉलरच्या चिन्हाने संपवायचा, हा किल्डॉलचा विक्षिप्त नियमही तसाच आला. मात्र तबकडीवर फाइल कुठे आहे याची नोंद ठेवण्याची रीत वेगळी होती. ती मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधील 'फॅट' नावाच्या तक्त्यावरून घेतलेली होती आणि सीपी/एममध्ये नव्हती.

१८/२४
आता व्यवहार. गेट्सचा भागीदार पॉल ॲलन याला सिएटलमधील या मालाची माहिती होती. डिसेंबर १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने २५,००० डॉलरला तिचा परवाना घेतला. गिऱ्हाईक कोण, हे गुप्त ठेवले. मे १९८१ मध्ये पॅटरसन मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाला आणि ते गिऱ्हाईक आयबीएम आहे, हे त्याला तेव्हा कळले. २७ जुलै १९८१ रोजी आणखी ५०,००० डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने सर्व हक्क विकत घेतले. बरोबर सोळा दिवसांनी, १२ ऑगस्टला, आयबीएमचा संगणक न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाला. एकूण ७५,००० डॉलर! पुढे सिएटलच्या कंपनीने दावा लावला आणि १९८६ मध्ये ९,२५,००० डॉलरवर तडजोड झाली.

१९/२४
दुसरे मोठे कारण पैशाच्या स्वरूपाचे. डिजिटल रिसर्चचा धंदा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे मिळणाऱ्या रॉयल्टीवर उभा होता. किल्डॉलच्या बाजूने सांगितले जाते ते असे, की आयबीएमला एकरकमी किंमत देऊन मोकळे व्हायचे होते. गेट्सने आयबीएमकडून मिळणाऱ्या रकमेचा फारसा हट्ट धरला नाही. त्याने वेगळीच गोष्ट राखून ठेवली: हीच कार्यप्रणाली इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क. नोव्हेंबर १९८० च्या करारात तो शाबूत राहिला. आयबीएमसाठी तिचे नाव पीसी-डॉस, इतरांसाठी एमएस-डॉस.

२०/२४
पीसी-डॉस पाहताच किल्डॉल चिडला. त्याला त्यात आपलीच सीपी/एम दिसली. पण सॉफ्टवेअरचे 'रूप' कोणाच्या मालकीचे, याविषयी अमेरिकी कायदा तेव्हा चाचपडत होता. खटल्याऐवजी समेट झाला: आयबीएमने सीपी/एम-८६ हीदेखील आपल्या संगणकासाठी विकायची आणि डिजिटल रिसर्चने दावा लावायचा नाही. किल्डॉलला वाटले, गिऱ्हाईक चांगला माल निवडील. मग किमती जाहीर झाल्या. पीसी-डॉस ४० डॉलर. सीपी/एम-८६ २४० डॉलर. शिवाय ती आली १९८२ मध्ये, डॉस घराघरांत पोहोचल्यावर. या आकड्यांपुढे कोणत्याही विमानफेरीची गरज उरत नाही.

२१/२४
आणि आता इतिहासाची क्रूर थट्टा. आयबीएमच्या संगणकात जवळजवळ सारे भाग बाजारात मिळणारे होते. खास तिचा असा मुख्य भाग होता बायॉस. किल्डॉलने शोधलेली तीच विभागणी, तोच शब्द. १९८२ मध्ये इतर कंपन्यांनी, आणि त्यांत ठळकपणे कॉम्पॅकने, नक्कल न करता त्या बायॉसच्या तोडीचा स्वतःचा तुकडा लिहिला. मग आयबीएमसारखे चालणारे संगणक कोणीही बनवू लागले, आणि त्या प्रत्येकाला कार्यप्रणाली विकायला मायक्रोसॉफ्ट मोकळी होती. 'यंत्र कोणतेही असो, प्रणाली एकच' हे किल्डॉलचे स्वप्न खरे झाले. त्याचे पीक मात्र दुसऱ्याच्या कणगीत गेले.

२२/२४
चोरी झाली का? हॅरॉल्ड इव्हान्स या पत्रकाराने २००४ च्या पुस्तकात किल्डॉलची बाजू मांडली. पॅटरसनने बदनामीचा दावा लावला आणि तो २००७ मध्ये फेटाळला गेला. तो निकाल बदनामीच्या कायद्यापुरता. त्याने इतिहासाचा निवाडा होत नाही. २०१२ मध्ये बॉब झाइडमन या तज्ज्ञाने दोन्ही प्रणाली शेजारी ठेवून तपासल्या: मूळ संहिता उचलल्याचा पुरावा सापडला नाही, हाक मारण्याच्या पद्धतीत साम्य सापडले. आणि न्यायाने हेही सांगावे लागेल, की किल्डॉलनेही 'पीआयपी'सारख्या आज्ञांची नावे डीईसी कंपनीच्या मोठ्या संगणकांवरून घेतली होती. उसनवारीची साखळी त्याच्यापासून सुरू होत नाही.

२३/२४
हरलेला माणूस म्हणून किल्डॉलची मूर्ती रंगवणेही खोटेच. १९८३ पासून अनेक वर्षे तो 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा सहनिवेदक होता. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने ग्रोलियर ज्ञानकोश एका सीडीवर आणला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेलने विकत घेतली. पण ती कथा त्याची पाठ सोडीना. १९९२ मध्ये त्याच्याच विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी मुख्य भाषण गेट्सचे होते. त्यानंतर तो आत्मकथन लिहायला बसला. जुलै १९९४ मध्ये माँटेरेत डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर तीन दिवसांनी, ५२ व्या वर्षी तो गेला. ते आत्मकथनही दुखावलेल्या मनाचे साधन आहे, हे वाचताना विसरता कामा नये.

२४/२४
आख्यायिकेने दोघांवर अन्याय केला. गॅरीचे दशकभराचे काम तिने एका सकाळीत बुडवले, आणि रास्त सावधपणा दाखवणाऱ्या डोरोथीला 'सही न करणारी बायको' करून टाकले. २०१४ मध्ये ८०१, लाइटहाउस अव्हेन्यूसमोर आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने स्मृतिफलक बसवला. त्यावर गौरव आहे तो १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये चालून दाखवलेल्या सीपी/एमचा, विमानाचा नाही. पुढच्या सत्रात मी मॅडमकडे वेळ मागून तोच विषय पुन्हा मांडला. या वेळी वर्ग हसला नाही, पण प्रश्न पुष्कळ आले. वाचकहो, अशी एखादी 'एका क्षणात राज्य गेले' धाटणीची कथा आपणही ऐकली असेल. ती कोणी सांगितली आणि घटनेनंतर किती वर्षांनी, एवढे शोधून खाली अवश्य लिहा. पुढचा धागा त्यांतूनच निवडीन.